'निरंक' अहवालामागची माणसे : जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व मा. उपविभागीय दंडाधिकारी,
ठाणे, पालघर, रायगड आणि नाशिक जिल्हे.

विषय : वीटभट्टी, कोळसाभट्टी व मेंढपाळीसाठी नेल्या जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांची तस्करी आणि त्यांना न मिळणारे वेठबिगारीतून मुक्तीचे दाखले.

महोदय / महोदया,

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत 31 वर्षे शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे कातकरी पाड्यांवर काढली. निवृत्तीनंतर आमच्या उपविभागाच्या दक्षता समितीवर सामाजिक कार्यकर्ता म्हणून माझी नेमणूक झाली. वेठबिगारी नष्ट करणाऱ्या 1976 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात जी समिती नेमायला सांगितले आहे, तीच ही समिती. उपविभाग कोणता, ते येथे लिहीत नाही, कारण हे पत्र एका कार्यालयाची तक्रार म्हणून वाचले जावे अशी माझी इच्छा नाही.

या समितीच्या ज्या बैठकांना मी हजर राहिलो, त्या सर्वांच्या इतिवृत्तात एक शब्द समान आहे. बैठकीची सूचना आदल्या दिवशी फोनवर येते, आठ-दहा विषयांच्या यादीत वेठबिगारीचा विषय शेवटून दुसरा असतो, लिपिक मागील तिमाहीचा तक्ता वाचतात आणि 'वेठबिगार आढळले : निरंक', म्हणजे एकही नाही, अशी नोंद होऊन चहा येतो. पहिल्या बैठकीत मी विचारले की ही माहिती कोणी आणि कोठे जाऊन गोळा केली. उत्तर मिळाले की कोणाचीही तक्रार आलेली नाही. कायदा मात्र तक्रारीची वाट पाहायला सांगत नाही. त्याच्या 12 व्या कलमाने आपल्या हद्दीत वेठबिगारी चालू आहे का, याची चौकशी करण्याचे कर्तव्य थेट जिल्हाधिकाऱ्यांवर टाकले आहे. ज्याला बयाणा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतल्यामुळे गाव सोडून जावे लागले, तो तहसील कचेरीत येऊन 'मी वेठबिगार आहे' असा अर्ज देईल, अशी अपेक्षा बाळगणारा तक्ता निरंकच राहणार.

माझ्याकडे मात्र दुसरी नोंदवही होती, ती म्हणजे शाळेचा हजेरीपट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की तिसरी-चौथीच्या वर्गातली निम्मी नावे गैरहजर दिसू लागत आणि पंधरा दिवसांनी आम्ही शेऱ्याच्या रकान्यात 'स्थलांतरित' असे लिहीत असू. पुढे शिक्षण हमी पत्रक आले, म्हणजे जेथे मूल जाईल तेथल्या शाळेने ते पत्रक पाहून त्याला दाखल करून घ्यायचे. मी दर वर्षी ती पत्रके भरून पालकांच्या हाती देत असे आणि जूनमध्ये त्यातली बरीचशी घडीसुद्धा न उघडता परत येत. मुलगा विटा उलट्या करायला, म्हणजे कच्ची वीट वाळावी म्हणून तिची बाजू पालटायला, जुंपलेला असे. त्याला शाळेत कोण पाठवणार? 'स्थलांतरित' हा शब्द मी स्वतः शेकडो वेळा लिहिला आहे, म्हणून 'निरंक' लिहिणाऱ्या लिपिकाला दोष देताना माझा हात थोडा आखडतो.

हा व्यवहार कसा चालतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरीही तो येथे नोंदवतो, कारण अहवालात तो कधीच येत नाही. भाद्रपदात घरात धान्य संपलेले असते, भात अजून कापणीला आलेले नसते आणि गणपतीचा सण तोंडावर असतो, तेव्हा मुकादम मोटरसायकलवरून पाड्यावर येतो आणि बयाणा देतो. हा बयाणा नवरा-बायकोच्या जोडीवर दिला जातो, परंतु वहीत नाव पुरुषाचे असते आणि अंगठाही त्याचाच असतो. दिवाळीनंतर टेम्पो येतो. भट्टीवर आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, तिच्यातून तांदूळ, मिरची आणि सुकी मासळी येते, आणि ती खर्ची बयाण्यात मिळवली जाते. रात्री दोन-अडीचला उठून चिखल तुडवायचा, साच्यातून विटा थापायच्या, उन्हे तापेपर्यंत थापत राहायच्या. अवकाळी पाऊस पडून कच्च्या विटा विरघळल्या तर त्या मोजणीतून वजा होतात. हिशेब होतो तो वैशाखाच्या शेवटी, एकदाच, मालकाच्या वहीवरून. एका वर्षी अशी वही मला प्रत्यक्ष पाहायला मिळाली. वीस हजार रुपये बयाणा घेतलेल्या जोडीने पाच-सहा महिने काम केल्यावर त्यांच्या अंगावर आठ हजार रुपये बाकी निघाली होती. त्या बाकीचा अर्थ असा की पुढच्या दिवाळीनंतर त्यांना त्याच भट्टीवर जायचे होते. कोळसा पाडायला जाणाऱ्यांचे याहून कठीण, कारण त्या भट्ट्या रानात असतात, कधी परजिल्ह्यात तर कधी थेट कर्नाटकात, आणि तेथून परतीची वाट विचारायलाही जवळपास गाव नसते.

प्रत्येक वीटभट्टी अशी असते असे माझे म्हणणे नाही. वेळेवर हिशेब देणारे, कामगार आजारी पडल्यास गाडी करून दवाखान्यात पोहोचवणारे मालकही मी पाहिले आहेत. परंतु ते तसे वागतात ते त्यांच्या स्वभावामुळे, आणि कायद्याचा अंमल मालकाच्या स्वभावावर सोडून चालत नाही.

आता कायद्याच्या व्याख्येकडे येतो, कारण सारा घोळ तेथे आहे. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात एखादा माणूस फुकट किंवा नाममात्र मजुरीवर काम करत असेल, किंवा दुसरीकडे काम धरण्याचे, फिरण्याचे, वा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, तर यांपैकी एक गोष्ट असली तरी तो वेठबिगार ठरतो. नाममात्र मजुरी म्हणजे किमान वेतनाहून कमी मजुरी, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड बांधकामाच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम ही वेठबिगारीच असल्याचे सांगितले, आणि डिसेंबर 1983 मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या खटल्यात, सक्तीने काम करून घेतले जात असेल तर त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे, असा दंडक घालून दिला. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही 15 व्या कलमाने मालकावर टाकली आहे. बेड्या, कुलूपबंद खोली किंवा चाबूक यांचा उल्लेख या व्याख्येत कोठेही नाही.

असे असताना प्रत्यक्ष चौकशीत काय विचारले जाते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पाड्यांवरची पाच कुटुंबे शेजारच्या जिल्ह्यातील एका भट्टीवरून रात्री सोडवून आणण्यात आली. टेम्पोतून भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या आणि तापाने फणफणलेले एक मूल उतरले. कचेरीच्या ओसरीवर सकाळपर्यंत बसल्यावर जबाब सुरू झाले आणि पहिलाच प्रश्न आला, "तुम्हाला कोणी डांबून ठेवले होते का?" पाचही पुरुषांनी खरे ते सांगितले की नाही. मग जबाबात वाक्य उतरले : 'आम्ही स्वखुशीने कामावर गेलो होतो.' त्या एका वाक्याने प्रकरण मजुरीच्या वादात गेले आणि मुक्तीचा दाखला मिळण्याची वाट बंद झाली. 'बाकी अंगावर असताना भट्टी सोडून निघाला असतात तर काय झाले असते?' हा प्रश्न त्या सकाळी कोणी विचारला असता, तर उत्तर निराळे आले असते, कारण मागच्याच वर्षी निघालेल्या एकाला मुकादमाने पाड्यावर येऊन चारचौघांत मारले होते आणि त्याची गोष्ट ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होती. स्त्रियांना तर काहीच विचारले गेले नाही. त्यांच्यापैकी एक मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाली, "गुरुजी, आम्हाला आणलं ते ठीक, पण आमचा हिशेब कोण देणार?" तो हिशेब आजतागायत झालेला नाही.

या व्यवहाराला मी तस्करी म्हणतो, तेव्हा काहींना शब्द जड वाटतो. मानवी तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतला कामाठीपुरा किंवा पुण्यातली बुधवार पेठ येते. त्याविरुद्ध काम करणाऱ्या पोलीस पथकाचे नावच 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' असे आहे. (माझ्या एका सहशिक्षकांना कितीतरी दिवस तो जीपमधून होणारी अवैध प्रवासी वाहतूक रोखणारा कक्ष वाटत होता.) हे नाव 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या वळणाचे आहे आणि त्या कायद्याचा रोख वेश्याव्यवसायावर आहे, त्यामुळे भट्टीवर विटा थापणारी बाई त्या कक्षाच्या नजरेत सहसा येत नाही. पण संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदात माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून एकत्रच निषिद्ध केल्या आहेत. 2013 च्या दुरुस्तीनंतर दंड संहितेच्या 370 व्या कलमात आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 143 व्या कलमात शोषणाच्या व्याख्येत गुलामगिरी, गुलामगिरीसदृश प्रथा आणि दास्य यांचा स्पष्ट समावेश आहे. फसवून, धाक दाखवून, सत्तेचा गैरवापर करून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी माणसाची भरती करणारा, त्याला नेणारा, आपल्याकडे ठेवणारा आणि स्वीकारणारा, असे सारेच या कलमाखाली येतात. मुकादम, टेम्पोवाला आणि मालक या तिघांनाही त्यात जागा आहे. शिवाय पीडिताची संमती होती की नव्हती हा मुद्दाच गैरलागू असल्याचे ते कलम सांगते, म्हणजे 'स्वखुशीने' हा शब्द त्यापुढे टिकत नाही.

कोणते कलम लावले जाते, यावर किती अवलंबून आहे पाहा. 1976 च्या कायद्याखालील गुन्हा जामीनपात्र असून शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड 2,000 रुपयांपर्यंत आहे. 143 व्या कलमाखाली एकाहून अधिक माणसांची तस्करी सिद्ध झाल्यास किमान 10 वर्षे, आणि एकाहून अधिक मुलांची झाल्यास किमान 14 वर्षे सक्तमजुरी असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. अनुसूचित जमातीच्या माणसाकडून वेठबिगारी करून घेणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे. ही तिन्ही कलमे एकाच फिर्यादीत लागू शकतात. तरीही प्रकरण पहिल्यापाशीच थांबते, आणि तेही ते मजुरीच्या वादात गेले नसेल तर.

इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील मुलीचे प्रकरण आपल्या स्मरणात असेलच. सप्टेंबर 2022 मध्ये जेमतेम दहा वर्षांची ती कातकरी मुलगी नाशिकच्या रुग्णालयात मरण पावली आणि मग उघडकीस आले की त्या परिसरातील मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे कामाला दिली गेली होती. ताबा असलेल्या व्यक्तीची संमती मिळवण्यासाठी पैसे किंवा लाभ देणे, हेही तस्करीच्या व्याख्येत शब्दशः आहे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अशा प्रकरणात आईबापांना आरोपी करण्याचा मोह तपास यंत्रणेला होतो, कारण ते गावातच सापडतात. पण मेंढीच्या बदल्यात मूल देणाऱ्या घरात त्या आठवड्यात काय शिजले होते, हे आधी पाहावे. ते आईबाप सरकारचे साक्षीदार व्हायला हवेत, आणि त्यांना तुरुंगात घातले तर मेंढपाळाविरुद्ध बोलणारे कोणीच उरणार नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, 2021 मध्ये, मोखाडा तालुक्यातील एका कातकऱ्याने आत्महत्या केली. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपोटी त्याला राबवून घेतले जात होते, असे पोलिसांत नोंदवलेल्या तक्रारीत म्हटले होते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारताने तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करार 2011 मध्ये मान्य केला, जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस कक्ष उभे राहिले, हरवलेल्या मुलांसाठीच्या 'ऑपरेशन मुस्कान' मोहिमेतून राज्यात असंख्य मुले घरी पोहोचली, आणि वसईतून सुरू झालेल्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांच्या रेट्यामुळे का होईना, ठाणे-पालघर पट्ट्यात वेठबिगारीचे गुन्हे नोंदले जाऊ लागले. 2016 पासूनची केंद्राची पुनर्वसन योजना तर कागदावर उदारच आहे. मुक्त झालेल्या पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिशय हालाखीच्या प्रकरणांत 3 लाख रुपये. तातडीची मदत आता 30 हजारांपर्यंत मिळू शकते आणि तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 10 लाखांचा कायम निधी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असावा, असेही योजनेत म्हटले आहे.

या सगळ्याची किल्ली मुक्तीच्या दाखल्यात आहे आणि तो दाखला आपल्या सहीने निघतो. तो निघाला नाही तर योजनेच्या दृष्टीने तो माणूस अस्तित्वातच नाही. तो निघाला आणि त्यात फक्त वहीतल्या पुरुषाचे नाव असले, तर त्याच चिखलात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचे 2 लाख रुपये कोणी नाकारल्यावाचूनच बुडतात. वर सांगितलेल्या पाच कुटुंबांची यादी मी मागितली, तेव्हा तिच्यात पाच नावे होती आणि पाचही पुरुषांची होती. त्यात पुन्हा दोन जिल्ह्यांची अडचण आहे. भट्टी एका जिल्ह्यात आणि पाडा दुसऱ्यात, त्यामुळे भट्टीकडचे अधिकारी म्हणतात की माणसे तिकडची आहेत, पाड्याकडचे म्हणतात की घटना तिकडे घडली. या टोलवाटोलवीत पावसाळा लागतो, घरातले धान्य संपते आणि भाद्रपदात तोच मुकादम तीच मोटरसायकल घेऊन येतो. नुसती सुटका पुरेशी नाही, पुनर्वसन तितकेच महत्त्वाचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नीरजा चौधरी खटल्यात 1984 मध्येच सांगून ठेवले आहे.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. सुटका झालेल्या प्रत्येक माणसाचा, म्हणजे पुरुषाचा, बाईचा आणि मुलाचा, स्वतंत्र जबाब घ्यावा आणि तो घेणाऱ्याने 'डांबून ठेवले होते का' हा प्रश्न बाजूला ठेवून बयाणा, खर्ची, बाकी आणि काम सोडण्याची मुभा यांविषयी विचारावे. जेथे माणसे सापडली त्याच जिल्ह्याने दाखला द्यावा, तातडीची मदत हातात ठेवावी आणि मगच त्यांना पाड्याकडे रवाना करावे. खटल्याचे आणि पुढच्या हप्त्यांचे पत्रव्यवहार दोन्ही जिल्ह्यांनी नंतर सावकाश करावेत. बुडालेल्या मजुरीची वसुली सुटकेच्या दिवशीच सुरू व्हावी, कारण ज्या बाईने मला हिशेबाचे विचारले, तिच्या दृष्टीने सुटका म्हणजे पाच महिन्यांच्या कमाईवर पाणी सोडणे होते, आणि पुढच्या वेळी धाड पडली तर ती रानात लपून बसेल. मालकाची वही त्याच रात्री जप्त करावी. दुसऱ्या दिवशी ती सापडत नाही, हा अनुभव आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना हे खटले संक्षिप्त पद्धतीने चालवण्याचे अधिकार देण्याची तरतूद 1976 च्या कायद्यातच आहे, तिचा उपयोग व्हावा, आणि तस्करीचे कलम लागू होते की नाही याचे लेखी कारण प्रत्येक प्रकरणात पोलिसांकडून मागवावे.

समितीच्या तक्त्यात 'निरंक' लिहायचेच असेल, तर त्याखाली कोणत्या पाड्यांवर आणि कोणत्या भट्ट्यांवर कोणत्या तारखेला जाऊन पाहिले, ते लिहिण्यासाठी एक रकाना वाढवावा. माझ्यासारख्या सदस्यांना त्या पाहणीला सोबत न्यावे. आम्हाला प्रवासभत्ता नको, पाड्याचा रस्ता आम्हाला माहीत आहे.

हे पत्र लिहीत असताना भाद्रपद चालू आहे आणि परवा आमच्या पाड्यावर दोन मोटरसायकली येऊन गेल्या. समितीच्या पुढच्या बैठकीची सूचना मला नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी फोनवर मिळाली तरी चालेल, परंतु ती बैठक दिवाळीच्या आत आणि शक्य असल्यास पाड्यावरच्या समाजमंदिरात घ्यावी, कारण दिवाळीनंतर तेथे प्रश्न विचारण्यासाठी म्हातारी माणसेच काय ती उरतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
व सदस्य, उपविभागीय दक्षता समिती